वनराजसमोर पडायचं कोणी

मी, खाली सही करणार, पंच्याहत्तरी ओलांडलेला निवृत्त फ्री-स्टाईल कुस्तीगीर, डोकं ठिकाणावर असताना (कंबर नाही, पण कायद्याला कंबर लागत नाही असं वकीलबाई म्हणतात), कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने नव्हे तर राजीखुशीने, माझ्या पश्चात काय कोणाचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी सांगत आलं तर तो माझा मेहुणा असेल. त्याला चहा द्यावा, विश्वास ठेवू नये.

ओळख पटावी म्हणून लिहितो. रिंगमध्ये मी काळं वादळ, लोखंडी पंजा, दर्यावर्दी राक्षस अशा नावांनी उतरलो. कोणी पैलवान ऐनवेळी आजारी पडला तर त्याच्याही नावाने उतरलो. एकाच संध्याकाळी दोन मुखवटे घालून दोनदा हरलोय. हरणं हेच माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. लोकांना वाटतं, हरायला काय अक्कल लागते! अहो, समोरचा नवखा असतो, त्याला धड हात धरता येत नाही, आणि तरी पुढच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे की याने आत्ता हत्ती लोळवला. ते त्याचं काम नव्हे, माझं. "सगळं खोटंच असायचं ना?" असं ज्यांनी ज्यांनी मला लग्नाकार्यात गाठून विचारलं त्यांना एकदाच सांगून ठेवतो. निकाल ठरलेला असे. पडणं खरं असे.

कलम एक, सामान. ट्रंकेतले मुखवटे आमच्या पंचाला द्यावेत. मी चितपट झालो की तो शेजारी ओणवा होऊन फळीवर हात आपटत मोजायचा, आणि मधेच पुटपुटायचा, "लागलं का रे?" एकदाही चुकला नाही विचारायला. मुखवटे धुवू नयेत, विरतील.

दाराआडची काळी छत्री माझी नाही. मी एकदा लढतीत पब्लिकच्या लाडक्या वनराजला दोरांवर दाबून धरलं होतं, तेव्हा एक आजी खुर्चीवरून उठल्या आणि "सोड मेल्या त्याला!" म्हणत त्यांनी ती माझ्या पाठीत घातली. दांडा मोडला. मला आयुष्यात मिळालेलं बक्षीस म्हणाल तर एवढंच. ती मुलाने न्यावी. पावसात काढू नये, उघडत नाही.

कलम दोन, राहिलेले हिशेब. क्रीडा-पानावर लिहिणारा एक जाडा बातमीदार होता. दर आठवड्याला छापायचा, "वनराजने आणखी एकाला लोळवले." तो आणखी एक मी. तो अजून लिहीत असेल तर माझ्या जाण्याची बातमी त्याच्याकडे देऊ नये. "आणखी एक गेला" म्हणून छापेल गाढव.

माझ्यासारखे बरेच होते, तेही इथेच लिहितो, दुसरीकडे कोण लिहिणार? बेकरीवाला दिवसभर भट्टीपाशी उभा राहून संध्याकाळी यायचा. त्याला दोरांवरून बाहेर फेकलं की तो अचूक रिकाम्या खुर्च्यांवर पडायचा, शेजारच्याच्या कपातला चहा हलायचा नाही. लंबू पोस्टमनचा पाय पिरगळला की शेवटच्या रांगेतल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. पोस्टरवर यांची नावं पार तळाशी, छापखान्याच्या नावाच्या जरा वर. हल्ली टीव्हीवर बघतो. काय तो धूर, काय ते दिवे, आणि दंड तर केवढाले! पण पडतात कसे? पोतं टाकल्यासारखे. जीव तुटतो माझा. माझ्या नावाची पाटीबिटी लावायची कोणाला हुक्की आलीच तर आधी या दोघांची नावं लिहावीत, माझं खाली. मला तळाची सवय आहे.

कलम तीन, बचत. बँकेत जे असेल ते मुलाचं. तो दुसऱ्या शहरात हिशेबनीस आहे, मोजून घेईल.

कलम चार, घर. यासाठीच हा सगळा खटाटोप आहे, तेव्हा नीट वाचावं. माझ्या पश्चात या तीन खोल्यांत वनराजने मरेपर्यंत राहायचं. त्याच्यानंतर घर माझ्या लेकीचं. अट एकच. तिने त्याला सांभाळायचं, आणि रोज संध्याकाळी त्याच्यासमोर पडायचं.

वनराज म्हणजे आमचा चॅम्पियन. मी सगळ्यात जास्त वेळा हरलो तो त्याच्याकडून. त्याला ना बायको, ना पोर. काही वर्षांपूर्वी तो आमच्या जुन्या हॉलपाशी सापडला. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. सोफेवाल्याचा दंड धरून विचारत होता, "रिंग कुठे हलवलीत?" मी त्याला घरी आणलं. तेव्हा बायको होती. म्हणाली, "जन्मभर याच्या हातचा मार खाल्लात, आता याला मी जेवायला वाढू?" आणि वाढलं. वर, "आणखी घ्या हो, संकोच करू नका," असंही म्हणाली.

त्याला आता फारसं काही आठवत नाही. पण दिवे लागायची वेळ झाली की त्याचं चित्त थाऱ्यावर राहत नाही. शर्ट काढतो, दाराची कडी खडखडवतो. "पब्लिक आलंय गड्या, चल लवकर." डॉक्टरांच्या गोळीने गुंगतो, पण रडत रडत गुंगतो, ते बघवत नाही. म्हणून मी पुढच्या खोलीत गादी घालतो आणि समोर उभा राहतो. तो मानेत हात घालतो, मी पडतो. मग वनराज दोन्ही हात वर करून भिंतीवरच्या कॅलेंडरला अभिवादन करतो, आणि शहाण्यासारखा जेवून झोपतो.

आणि एक. तो माझं नाव विसरलाय, अधूनमधून स्वतःचंही विसरतो. पण मला धोबीपछाड घालताना त्याचा डावा पंजा आजही माझ्या डोक्यामागे असतो. आमच्या वेळी फळ्यांवर नुसती ताडपत्री असे. त्या पंजामुळे मी आज हे लिहायला शिल्लक आहे. लोकांना दिसलं की त्याने मला आपटलं. त्याने मला आयुष्यभर अलगद खाली ठेवलं. माझा फार जीव आहे त्याच्यावर. त्याला हे कधी बोललो नाही, आता बोलून त्याला कळायचं नाही, म्हणून इथे लिहिलं.

डॉक्टर म्हणाले, "आता पडणं बंद. या वेळी उठणार नाही तुम्ही." मी म्हटलं, "मग आज संध्याकाळी तुम्ही या." आले नाहीत.

मुलाचं म्हणणं, वनराजकाकांना वृद्धाश्रमात ठेवा. मी जाऊन पाहून आलो. स्वच्छ आहे, माणसंही भली आहेत. पण तिथे गोळी देतात, गादी घालत नाहीत. राहता राहिली लेक. ती मोटार चालवायला शिकवते. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसते, तेव्हा भित्री नाही. पण हार म्हणून सोसत नाही पोरीला. लहानपणी पत्त्यांत हरली की पत्ते खिडकीतून बाहेर. तिला विचारलं तर म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला लोकांसमोर हरताना बघत मोठी झालेय. वर्गातली पोरं काय काय बोलायची ते तुम्हाला सांगितलं नाही कधी. मी नाही पडणार." तरी कलम तसंच ठेवतो आहे. बापाचा हट्ट समजावं.

पुरवणी, आज सह्यांच्या वेळी लिहिलेली.

पुढच्या खोलीत वकीलबाई, पंच, खालचा चश्मेवाला, लेक आणि खिडकीशी वनराज असे बसलो होतो. मुलगा फोनवर ऐकत होता. वकीलबाईंनी कलम चार वाचलं आणि तो म्हणाला, "म्हणजे त्या म्हाताऱ्याचं निमित्त करून ताई घर घेणार. तरीच!"

लेकीचा चेहरा लालबुंद झाला. म्हटलं, आता फोन फुटतो. फुटला नाही.

सह्या सुरू झाल्या. चश्मेवाल्याने केली. पंचाने पेन उचललं तर वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला मुखवटे मिळतात ना? मग तुम्ही साक्षीदार चालणार नाही. ज्याला यातून काहीच मिळत नाही असं माणूस हवं." पंच इकडेतिकडे बघायला लागला. लेकीने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं.

"मी करते."

"अहो, मग घर नाही मिळायचं तुम्हाला!"

"कळतंय मला. माझं नाव खोडा त्यातून."

फोनमधून आवाज आला, "ताई, मी तसं नव्हतो म्हणत गं."

"म्हणालास ते म्हणालास. घर तू घे. पण काका आहेत तोवर विकायचं नाही, आणि उद्यापासून मी इथे राहायला येतेय." मग माझ्याकडे वळली. "बाबा, पडताना हात कुठे ठेवायचे असतात?"

मी गादी घालायला उठलो. पंचानेच दाखवलं, तळहात असे, हनुवटी अशी. ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गणवेशात, पेन कानामागे खोचून, लक्ष देऊन बघत होती.

तेव्हा कलम चारमध्ये दुरुस्ती: वनराजनंतर घर मुलाचं. लेकीचं नाव आणि तिच्यावरची अट, दोन्ही मी खोडली आहेत. खोडल्याजागी माझी सही आहे. अक्षर हललं आहे, पण मन स्थिर आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे तो.

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) चश्मेवाला, तळमजला. मला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.

साक्षीदार दुसरी: (सही) मुलगी. मला या मृत्युपत्राने काही मिळत नाही.