तीन पेडलची गाडी

रविवार, १२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तिची स्वतःची कुरकुर त्याहून खणखणीत आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. मी निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. अजून डेपोच्या वेळेला जाग येते, दाढी करून तयार होतो, बुटाची नाडी बांधताना आठवतं की आपल्याला कुठे जायचंच नाही. तुझं सुतारकाम जोरात चाललंय, दोन कारागीर ठेवलेस, असं कुणाकुणाकडून कळतं. ऐकून बरं वाटतं.

माझं अक्षर पाहून दचकला असशील. सहा वर्षांनी लिहितोय. त्याबद्दल पुढे लिहीन. आधी बातमी.

आपल्या पोरीने, भिंगरीने, गाडी घेतली! स्वतःच्या पगारातून, स्वतः निवडून. जुनी आहे, अकरा वर्षांची. छोटी इतकी, की मी मागच्या सीटवर बसलो तर गुडघे कानाला लागतात. पण पळते अशी, की चौतीस वर्षं बस चालवलेला तुझा हा भाऊ पहिल्याच वळणाला दाराच्या वरची कडी धरून बसला.

तिचं तुला काहीच माहीत नसेल, म्हणून सांगतो. ती आता दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांकडून साचे येतात, त्यावरून ही मेणात दात बसवते, घासते, पुन्हा बसवते. खिडकीशी तिचं टेबल आहे, त्यावर एक बारीक ज्योत आणि नखाएवढ्या सुऱ्या. केसाइतकी फट तिच्या बोटाला कळते. मागे एक आजोबा खास तिला भेटायला आले आणि तिच्यासमोर अख्खं सफरचंद कराकरा चावून दाखवून गेले. घरी येऊन सांगताना नुसती फुलली होती.

तर गाडी. मी म्हटलं, मी आयुष्य रस्त्यावर काढलंय, मी बघतो तुझ्यासाठी. म्हणाली, "बघा की, पण घेणार मी." पहिल्या रविवारी आम्ही जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. तिथला विक्रेता गोड बोलणारा. हिला चालताना पाहिलं त्याने आणि एकदम माझ्याशी बोलायला लागला, जणू ही तिथे नाहीच. "साहेब, ताईंसाठी ही न्या. उंच आहे, भक्कम आहे, बिनगिअरची. क्लचची भानगडच नाही."

भिंगरी म्हणाली, "मला भानगड हवीय."

तो गडबडला. "नाही, म्हणजे ताई, तुमचा पाय..."

तिने डाव्या पोटरीवर टकटक वाजवून दाखवलं. "हा गुडघ्याखाली कारखान्यातून आलाय. पण क्लच नुसता दाबायचा असतो, त्याला गुदगुल्या थोड्याच करायच्या असतात? मला तीन पेडलची गाडी दाखवा."

मी हसलो. विक्रेताही हसला. मग मला एकदम हसू आवरावं लागलं, का ते तुला सांगायला नको.

परतताना मी तिला म्हटलं, पोरी, तो माणूस अगदीच वेड्यासारखं बोलत नव्हता. आरामाची गाडी घे. त्यावर जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो : "बाबा, सहा वर्षं सगळे मला काचेच्या भांड्यासारखं उचलून नेतायत. नेऊन ठेवतात, परत आणतात. मला आता नुसतं पोचायचं नाहीये. मला गाडी चालवायचीय. मजा यायला हवी मला."

दुसऱ्या रविवारी एक निळी गाडी पाहिली, चकचकीत. मी इंजिन ऐकलं, तेल पाहिलं, खूश झालो. हिने दाराच्या फटीवरून नख फिरवलं आणि म्हणाली, "वर रुंद, खाली अरुंद. हिचं तोंड फुटलं होतं, बाबा, नवे दात बसवलेत. बसवणारा घाईत होता." मालकाला विचारलं तर तो आकाशाकडे बघायला लागला. चौतीस वर्षांचा अनुभव घेऊन मी मुकाट्याने तिच्या मागे चालत बाहेर आलो. अभिमान वाटला रे. लाजही वाटली, पण अभिमान जास्त.

तिसरी गाडी एका परिचारिकेची. डोंगरातल्या वस्त्यांवर रुग्णांना बघायला जायच्या त्या. आता दवाखान्यातच बसायचं काम मिळालं म्हणून विकत होत्या. गाडी विटकरी रंगाची, बॉनेटवर ऊन खाऊन रंग विटलेला, आत औषधांचा वास. आम्ही प्रश्न विचारायचे तर बाईच भिंगरीला विचारायला लागल्या. "चालवणार कोण? तू? वळणावर गिअर कधी उतरवतेस?"

"वळणाच्या आधी," ही म्हणाली. "वळणात शिरल्यावर नाही."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला देते मी."

मग हिने गाडीभोवती फेरी मारली. बॉनेट, दारं, खालची बाजू. पुढच्या चाकाशी खाली बसली, तिला तसं बसायला अवघड जातं, पाय एका बाजूला पसरावा लागतो, पण बसली आणि टायरवर तळवा फिरवला. मला म्हणाली, "बाबा, या बाजूचा तुम्ही बघा ना."

मी बघितला नाही. मला चक्कर आल्यासारखं झालं, असं सांगून मी पायरीवर जाऊन बसलो. परिचारिकाबाईंनी पाणी आणून दिलं, नाडी पाहिली, म्हणाल्या, नाडी तर ठीक आहे.

आता इथे थांबतो.

सोमवार

काल इथपर्यंत लिहून उठलो. दिवसभर घरात उगाच खुट्टखाट करत होतो. तुझ्या वहिनीने दोनदा विचारलं, पत्र झालं का? तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, ज्या कारणासाठी लिहायला बसलात, तेच तेवढं राहिलं असणार." ओळखते मला.

धाकट्या, त्या दिवशी गाडी माझी होती. मला ड्यूटी होती, भिंगरीची कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत होती, म्हणून मीच तुला म्हटलं, तू सोड तिला. वळणावर रस्ता ओला होता, गाडी घसरली, तिची बाजू कठड्यावर आदळली. तू वेगात नव्हतास. सगळे तेच सांगत होते, मी ऐकून घेतलं नाही. इस्पितळाच्या बाकावर तू बसला होतास, शर्टावर तिचं रक्त, आणि मी चार लोकांदेखत तुला म्हटलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. तू उठलास आणि गेलास. एक शब्द बोलला नाहीस.

बोलण्यासारखं तुझ्याकडे होतं. पुढचा टायर गुळगुळीत झाला होता. मला माहीत होतं. आदल्या रविवारी गाडी धुताना मी स्वतः पाहिला होता, आणि बदलू महिनाअखेर असं म्हणून बादली उचलून घरात गेलो होतो. बसचे सहाच्या सहा टायर रोज सकाळी तपासून सही करणारा मी! तुला किल्ली देताना तरी सांगावं, तेही सुचलं नाही. घाईत होतो.

गाडी ओढून आणली त्या दिवशी तू तुझं सामान न्यायला आला होतास, अंगणात उभा होतास. तू त्या टायरकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी नजर वळवली. एवढंच झालं, पण आपल्या दोघांनाही कळलं. तरी मी तुला थांबवलं नाही. लोक म्हणत राहिले, काकाने चालवली आणि पोरीचा पाय गेला. मी म्हणू दिलं. सहा वर्षं म्हणू दिलं.

तर त्या पायरीवर बसून पाणी प्यालो. मग आम्ही गाडी चालवून बघायला निघालो, ती आणि मी. आता हे जरा सावकाश लिहू दे, कारण हे मला नीट सांगायचंय.

तिच्या डाव्या पायाला क्लच कुठे धरतो ते कळत नाही. तिने ते कानाने शिकून घेतलंय. इंजिनचा आवाज किंचित जड झाला की तिला समजतं, धरलं. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या, सहा महिने त्यांनी तिच्याकडून चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून घेतली. परवान्याच्या परीक्षेत परीक्षकाने तेच तीनदा करायला लावलं, चेहऱ्यावर शंका घेऊन. तिन्ही वेळा गाडी वीतभरसुद्धा मागे आली नाही. मी हे ऐकून होतो. पाहिलं त्या दिवशी.

टेकडीच्या रस्त्याला लागलो. पहिलं वळण आलं तसा माझा पाय समोर नसलेला ब्रेक दाबायला लागला. तिने आधीच तिसऱ्यावरून दुसरा टाकला होता, कुठे धक्का नाही, खरखर नाही, आणि ती छोटीशी गाडी वळणात अशी शिरली जशी सुई कापडात. बाहेर पडताना तिने रेटा दिला. इंजिन ओरडलं आणि भिंगरीही ओरडली! आनंदाने, लहानपणी झोक्यावर ओरडायची तशी. मी तिचा तो आवाज विसरलो होतो. मी बावीस जणांना बस शिकवली, त्यातले दोघं आज डेपोचे मुख्य चालक आहेत. पण गिअर इतका मऊ टाकणारं माणूस मी पाहिलेलं नाही. बाप म्हणून बोलत नाही, चालक म्हणून बोलतोय.

वर पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, मला तुला एक सांगायचंय, आणि टायरचं सांगितलं. माझा आवाज कसा होता कोण जाणे. ती समोर बघत ऐकत होती.

"मला माहीत आहे," म्हणाली.

"कसं?"

"शिकायला जात होते तेव्हा बाईंनी एक झिजलेला टायर दाखवला, एक नवा. झिजलेल्यावर हात ठेवला आणि आठवलं. त्या दिवशी गाडीत बसताना रुमाल पडला होता माझा, चाकाशी. उचलताना हात लागला होता. तेव्हा कळलं नव्हतं, बाबा. मग कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होते. आठ महिने झाले."

मी रडलो, खोटं कशाला सांगू. तिने रडू दिलं. मग म्हणाली, "मला सांगितलंत, बरं झालं. पण मी तुमच्यावर रागावलेय ते पायासाठी नाही. काकासाठी. त्यालाही सांगा. फोनवर नको, फोनवर तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून द्याल. लिहून द्या."

म्हणून हे पत्र, आणि म्हणून पाकिटावर तिकीट नाही. हे तुला तिनेच हातात दिलं असेल. सरळ रस्त्याने तुझं गाव अडीच तास, डोंगरातून चार. ती डोंगरातून येणार आहे, एकटी. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "वळणं आहेत ना तिकडे!" धाकट्या, वळणांसाठी वाट वाकडी करणारी मुलगी आहे ही. जो पाय गेला, त्याबरोबर तिचं धाडसही गेलं असं मी धरून चाललो होतो. मी चुकलो, आणि चुकलो याचा मला केवढा आनंद आहे, ते कागदावर मावत नाही.

मी तिला बजावलंय, काका वाचून होईपर्यंत बाहेर थांब. ती थांबणार नाही. तुझ्या रंध्याशी, करवतीशी खेळत असेल एव्हाना, लाकडाच्या फटीत नख घालून बघत असेल. सांभाळ, चुका काढेल.

तू त्या दिवसानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीस असं कानावर आलंय. हे ओझं मी तुझ्यावर टाकलं. तू माफ कर असं म्हणत नाही, तेवढा माझा हक्क नाही. फक्त खरं काय ते तुझ्या हातात लिहून देतो, सही करून. ज्यांना ज्यांना दाखवावंसं वाटेल त्यांना दाखव. इकडच्या नातेवाइकांना मी स्वतः सांगतोय, घरोघर जाऊन. आतापर्यंत चार घरं झाली. थोरल्या आत्याने दार लावून घेतलं. तिचं बरोबर आहे.

परतायच्या आधी भिंगरी तुझ्यापुढे गाडीची किल्ली धरणार आहे. तिने मला तसं सांगून ठेवलंय, "मी बाजूला बसणार, काका चालवणार." तू नाही म्हणालास तर ती हट्ट करणार नाही. पण धाकट्या, शक्य असलं तर घे. एकच फेरी मार, तुझ्या गल्लीच्या टोकापर्यंत. तू फार चांगला चालवायचास. मला माहीत आहे, मीच तुला शिकवलं होतं.

तुझ्या दारात यायला तुझ्या एका शब्दाची वाट बघत असलेला,

तुझा दादा