तळ शून्यावर नसेल तर

४ जाने., रविवार
आलं एकदाचं! उत्तर शून्याला जाऊन टेकलं. दशांशचिन्हापुढे इतकी शून्यं की संगणकाने दाखवायचीच सोडून दिली. आणि हे एक हजार व्हेरिएबलवर. बाकीचे शंभरावर धापा टाकतात. मी आज फार खूष आहे आणि ते लपवणार नाही.

गिरीशला परत समजावलं. हजार बटणं असलेलं यंत्र समज. बटणं फिरवली की एक आकडा दिसतो. तो सगळ्यात लहान यायला हवा, म्हणजे आपण तळाला पोचलो. सगळ्या शक्यता बघायला जन्म पुरणार नाही. म्हणून थोडी उत्तरं अशीच टाकायची, चांगली ठेवायची, वाईट काढायची, उरलेल्यांची पुढची पिढी तयार करायची. परत तेच. झाला इव्होल्यूशनरी अल्गोरिदम.
"म्हणजे वधूवर सूचक मंडळ," गि. म्हणाला. नवरा बँकेत आहे, यापेक्षा जास्त अपेक्षा नाही. फाफडा-जिलेबी मात्र स्वतःहून आणली.

६ जाने.
पाटकर सरांना निकाल दाखवले. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत बघितलं. "वर्षा, हे जागतिक आहे." माझे गाइड सहसा 'ठीक' याच्यापुढे जात नाहीत.
सर मेमध्ये रिटायर. त्याआधी माझा प्रबंध जायलाच हवा. मला मिळालेली ही शेवटची मुदतवाढ. आता निसटली तर नवा गाइड, नव्याने अर्ज, आणि बहुतेक मीच नाद सोडून देईन. पण निसटतेय कशाला?

९ जाने.
पेपर स्वीकारला!!! पावसाळ्यात पाठवलेला, याच अल्गोरिदमचा, शंभर बटणांवरचा. जर्नलचा मेल लेक्चरच्या मधे आला. पोरांना म्हटलं, पाच मिनिटं बडबडा. पोरांनी आज्ञा पाळली.
प्रबंधाआधी एक पेपर लागतो. लागतो तो झाला. प्री-सबमिशन प्रेझेंटेशन फेब्रुवारीत. कमिटीने हो म्हटलं की प्रबंध बांधायला टाकायचा.

११ जाने., रविवार
मनाली जेवायला. सरांचीच विद्यार्थिनी, माझ्याहून बरीच लहान, जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातली. येताना डबाभर सुका जवळा, ती बारीक कोळंबी, घेऊन आली, कारण माझ्या अल्गोरिदमचं नाव जवळा. आमच्यात ही फॅशनच आहे. कुणी लांडग्यांच्या नावाने अल्गोरिदम काढतो, कुणी देवमाशांच्या, कुणी वटवाघळांच्या. मी म्हटलं, मीरा रोडच्या बाईने लांडगे कुठून आणायचे? प्रस्तावनेत लिहून टाकलं की जवळ्याचा थवा अन्नाच्या दिशेने सरकत जातो.
मनाली वाचून इतकी हसली की ठसका लागला. मुद्दाम घरच्या बोलीत म्हणाली, "ताई, जवळा आसा जात न्हाय. त्याला कुटं जायचं हाय? पानी नेल तिकडं जातो."
मी म्हटलं, परीक्षकांनी कुठे बघितलाय पाण्यात.
जाताना माझा प्रोग्रॅम मागून घेतला, तिच्या प्रबंधात तुलनेला. दिला. घ्या, घाबरा.

१५ जाने.
मनालीचा फोन. आवाज उगाच मऊ. "ताई, मी फक्त तळ हलवून बघितला."
आमची सरावाची गणितं ठरलेली असतात. उत्तर आधीच माहीत असतं: सगळी बटणं शून्यावर. तळ तिथेच. हिने तो उचलून दुसरीकडे ठेवला. गणित तेच, खड्डा तोच, जागा फक्त वेगळी. म्हणे माझा जवळा तिकडे फिरकतच नाही, परत शून्यापाशीच जाऊन बसतो.
म्हटलं, तूच काहीतरी चुकीचं चालवलंयस. जरा जोरातच म्हटलं.

१६ जाने.
मनालीने काही चुकीचं चालवलेलं नाही.

१८ जाने., रविवार
काल लिहिलं नाही. चिडले होते. मनालीवर, मग गि. वर (त्याचा संबंध नसताना), मग मिक्सरवर.
आज सापडलं. माझ्या सूत्रात प्रत्येक पिढीला प्रत्येक उत्तर एकाहून लहान आकड्याने गुणलं जातं. 'थवा हळूहळू आवळतो' असं छान वर्णनही मीच केलंय. परत परत असं गुणलं की कुणीही शून्यालाच जाणार. आणि आमचा तळ नेमका शून्यावर! शोधलं काहीच नाही, थवा फक्त आक्रसला.
खात्रीसाठी शेवटचा प्रयोग केला. गणितच काढून टाकलं. चांगलं-वाईट ठरवायला फासे टाकल्यासारखे कसेही आकडे दिले. तरी माझा अल्गोरिदम डौलात शून्यावर. उत्तरपत्रिका न तपासताच शंभरपैकी शंभर.
आधी हसू आलं. मग बाथरूममध्ये जाऊन रडले. गि. दाराबाहेरून, "गिझर चालू करू का?"

२० जाने.
कॉलेजात सरांना सांगितलं. आलेख दाखवला, फाशांवरचा. सर म्हणाले,
"तळ शून्यावरच असतो, वर्षा. सगळे तिथेच तपासतात. तुझ्या आधीही तपासलं, नंतरही तपासतील."
"पण सर, खऱ्या कामात उत्तर शून्यावर कसं असेल? उद्या कुणी बसचं वेळापत्रक करायला हे घेतलं, तर हा सगळ्या बस डेपोतच उभ्या करून म्हणेल, झालं."
"ते उद्याचं. आता पेपर आहे, प्रेझेंटेशन आहे. हा आलेख दाखवू नकोस."
सर वाईट नाहीत. माझ्या वडिलांच्या आजारपणात माझी लेक्चरं त्यांनी घेतली होती. म्हणूनच जास्त लागलं.

२३ जाने.
गि. शी वादावादी. त्याचं म्हणणं, नियम मोडला का? नाही. खोटे आकडे दिले? नाही. मग?
मी म्हटलं, तुमच्या बँकेत कुणी नवीन तिजोरी आणली आणि ती कुठल्याही किल्लीने उघडत असेल, तर तू काय म्हणशील, चोर आलाच नाही अजून?
उठून आत गेला. नंतर चहा करून आणला, त्यात साखर विसरला. एकूण बरोबरी.

२६ जाने., सोमवार
सोसायटीत झेंडावंदन. सेक्रेटरींनी माइकवरून, "अपने बेव्हर्ली पार्क का गौरव, डॉक्टर वर्षाबेन!" टाळ्या. समोरच्या दीप्तीबेन, "पेंडा क्यारे?" पेढे कधी, म्हणे. मी हसले. ते हसू मला बघायचं नाहीये. कुणीतरी व्हिडिओ काढलाय, ग्रुपवर येईलच.
वर येऊन सरळ कामाला बसले. आज एक गोष्ट नक्की झाली: मला हे येतं. एक सूत्र फसलं म्हणून मी फसले नाही. ते गुणणं उपटून टाकलं. उत्तराने शून्याकडे बघायचंच नाही, एकमेकांकडे बघायचं. दोन चांगल्या उत्तरांत फरक किती, तेवढं पाऊल टाकायचं. आणि हजार बटणं एकदम नाही फिरवायची. जी एकमेकांवर अवलंबून आहेत त्यांची टोळकी करायची, एका वेळी एकच टोळकं.
हे सगळं नवं नाही, पण टोळकी ओळखायची माझी रीत नवी आहे. माझी म्हणजे माझी.

३० जाने.
चालतंय! तळ इकडे हलवला, तिकडे हलवला, तिरका केला. जातंय तिथे. आधीसारखी शून्यांची माळ नाही, कधी तळापासून बरंच वर अडकतं. पण जिथे अडकतं तिथे खरोखर शोधत असतं.
बाकीच्या प्राण्यांनाही हलवलेल्या तळावर सोडलं. काही तरले, काही माझ्यासारखेच बुडाले. मोठी नावं आहेत हो त्यात.
मनालीला फोन करून आधी सॉरी म्हटलं, मग निकाल सांगितले. "नाव काय ठेवलंत, ताई?" म्हटलं, नाव नाही. प्राण्यांना आता सुट्टी.

२ फेब्रु.
जर्नलला मेल लिहिला. पेपर मागे घेत आहे, कारण अमुक. वाचला, पाठवला नाही. भाजी निवडली. वाचला, पाठवला नाही. गि. ने मागे उभं राहून वाचला. म्हटलं, काही बोलू नकोस. म्हणाला, "दुसऱ्या ओळीत स्पेलिंग चुकलंय."
दुरुस्त केलं. पाठवला.
पेपर गेला. नवा लिहून होईल, पण छापून येईपर्यंत मे उलटून जाईल. त्याआधी कमिटीने मुळात ऐकून तरी घ्यावं.

५ फेब्रु.
पेपर मागे घेतल्याचं सरांना कळवलं. तेव्हापासून सर फोन उचलत नाहीत. मेसेजवर दोन निळ्या रेघा आणि शांतता.

८ फेब्रु., रविवार
उठले आणि सरळ नवघरला सरांच्या घरी. न सांगता. शेअर रिक्षात शेजारच्या बाईच्या मांडीवर माझा लॅपटॉप, माझ्या मांडीवर तिची मेथी. काकूंनी दार उघडलं, "अगं ये, हे आत रुसून बसलेत." इतक्या मोठ्याने की सरांना बाहेर यावंच लागलं.
मी नवे निकाल मांडले. सरांनी नीट बघितले. टोळक्यांचा भाग दोनदा विचारला. मग म्हणाले, "चांगलं आहे. आधीच्यापेक्षा चांगलं आहे." आणि खिडकीकडे बघत राहिले.
"मग सर, दाखवू ना कमिटीला? फाशांचा आलेखसुद्धा?"
"माझ्या हाताखाली इतक्या जणांनी पीएच.डी. केली, वर्षा. सगळ्यांचे तळ शून्यावर होते. तू तो आलेख लावलास की पुढचा प्रश्न त्यांच्यावर येणार. पोरं आता कुठे कुठे प्राध्यापक आहेत. कुणी नातवंडं घेऊन येतात मला भेटायला."
आत्तापर्यंत मला वाटत होतं सर स्वतःचं नाव सांभाळतायत.
काकूंनी पोहे दिले. सर म्हणाले, "तुझं प्रेझेंटेशन आहे. तू ठरव. मी नाही म्हणणार नाही."

१२ फेब्रु.
ठरवायला काय लागतंय? तरी चार दिवस लागले. आलेख काढला, घातला, काढला. मनाली म्हणाली, त्याच्याशिवाय नव्या रीतीची गरज कशी सांगणार? बरोबर आहे तिचं. घातला. पहिलाच.

१७ फेब्रु., मंगळवार
झालं प्रेझेंटेशन. अबोली साडी. आवाज कापला नाही. मी चांगली बोलते, हे मला माहीत आहे आणि आज त्यांनाही कळलं.
फाशांचा आलेख लागल्यावर कमिटीचे अध्यक्ष पुढे झुकले. "म्हणजे मॅडम, तुम्हीच तुमचा पेपर खोटा ठरवताय?"
"पेपर नाही सर, पद्धत. पेपर मी मागे घेतलाय."
मग त्यांनी मान वळवून, "पाटकर, मग तुमच्याकडच्या आधीच्या सगळ्या कामाचं काय?" हाच प्रश्न. सगळी खोली सरांकडे बघायला लागली. 
सर सावकाश म्हणाले, "ते मला तपासावं लागेल. आज तिचं आहे, तिला विचारा."
मग मला भरपूर विचारलं. टोळक्यांवर बरंच. एक परीक्षक तर वहीत लिहून घेत होते. पण पेपर हातात नाही, हेही तीनतीनदा म्हणून झालं. निर्णय कळवतील. कधी, ते नाही सांगितलं. अध्यक्ष जाताना 'बघू' म्हणाले. बऱ्या अर्थाने की वाईट, बाहेर येऊन मी आणि मनाली भांडलो यावर.

२१ फेब्रु., शनिवार
अजून काही कळवलेलं नाही. सोसायटीत दीप्तीबेनना सांगून टाकलं, पेंडे लांबले, कदाचित रद्द. म्हणाल्या, "कोई बात नहीं, ढोकला बनाती हूँ."
सरांचा फोन, येशील का. गेले. टेबलावर त्यांचा स्वतःचा प्रबंध. कापडी बांधणी, टाइप केलेला. मला वाटलं होतं आधी कुठल्यातरी विद्यार्थ्याचा काढतील. म्हणाले, "सुरुवात माझ्यापासून. मग पोरांना मीच फोन करीन."
त्यांचं सूत्र मी माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. ते एकेक ओळ वाचून दाखवत होते, मी टाइप करत होते. सूत्रात ते गुणणं आहे का, हे वाचता वाचता मला कळायला हवं होतं, पण त्या काळच्या खुणा वेगळ्या, आणि खरं सांगायचं तर मी मुद्दाम बघत नव्हते. आधी तळ शून्यावर ठेवून चालवलं. सुंदर उत्तर. त्या काळी विद्यापीठाच्या एका संगणकावर पाळी लावून हे काढलं होतं त्यांनी.
मग मी तळ हलवला. काकू चहा ठेवून दारातच थांबल्या. मी एन्टरवर बोट नेलं तर सर म्हणाले, "थांब."
लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. चष्मा पुसला. आणि त्यांनी स्वतः दाबलं.