हिराबाईंचे गुडघे

सोम., ६ जानेवारी

नोटरी होऊन आज बरोबर महिना. शिक्का अजून नवाकोरा, रोज फडक्यानं पुसते. सुधीर म्हणतो, "एक दिवस पोळ्यांवरही मारशील." मारीन. त्याच्या डब्यातल्याच आधी.

दुपारी वर्सोव्याचा नीलेश आला, गॉगल डोक्यावर. मावशीचं कुलमुखत्यारपत्र: घराचे सगळे अधिकार याला, विकण्याचासुद्धा. खाली अंगठा आधीच उमटवलेला.

"मावशी कुठंय?"

"गुडघे गेलेत तिचे, मॅडम. जिने चढवत नाहीत. मारा ना शिक्का, बाकीचे मारतात."

बाकीचे मारतात म्हणे! सांगितलं, माणूस समोर हवा, कागद त्याला कळेल अशा भाषेत वाचून दाखवणार, मग माझ्यादेखत अंगठा, रजिस्टरातही. त्याचं तोंड एवढंसं. गुडघ्यांचं ऐकून मी मात्र विरघळले. घाईत रजिस्टरात मावशीचं नाव, 'हिराबाई', लिहूनही टाकलं. वर म्हटलं, मीच येते घरी, बुधवारी. "नको नको, तुम्हाला कशाला त्रास!" मला कसला त्रास.

बुध., ८

काय दिवस!

नीलेशचा फोन बंद. पत्ता होताच, गेले. कोळीवाड्यात एकीनं धक्क्याकडे बोट दाखवलं. बघते तर साठीची बाई, डोक्यावर बोंबलांची पाटी, आणि चाल अशी की गाठताना माझीच दमछाक.

"हिराबाई, गुडघे?"

"कनचे गुडघे?"

वाळत घातलेल्या बोंबलांखाली बसून शब्दन् शब्द वाचला. 'विकण्याचा' आलं तशी उठलीच. "माजा घर इकाचा? मी त्याला लायटीच्या मीटरवरचा नाव बदलाला सांगला व्हता! कोऱ्या कागदावर अंगठा दिला."

कोरा! परवा शिक्का मारला असता तर हिचं घर गेलं असतं, तेही माझ्या सहीनं.

तेवढ्यात नीलेश आला नि मला बघून थबकला. "ये, वाच," हिराबाई म्हणाली. धक्क्यावरच्या सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं वाचायला लावलं, 'विकण्याचा' तीनदा. एजंटनं लिहून दिलं, मी वाचलंच नव्हतं, म्हणाला. खरं? देव जाणे. तिनं कागद टराटरा फाडला नि पाटी याच्या डोक्यावर दिली. बायका हसून लोळायच्या बाकी. मीसुद्धा.

रजिस्टरातली ओळ लाल शाईनं रद्द केली. माझाच आगाऊपणा. रात्री ताजे बोंबील, कुरकुरीत. सुधीर म्हणाला, रोज जात जा वर्सोव्याला. इतकं मस्त वाटतंय ना!

शुक्र., १७

हिराबाई हजर! दोन जिने, न थांबता. मागून धापा टाकत पिशवीवाला नीलेश. नवा कागद, फक्त मीटरपुरता, याच्याच नावानं.

वाचला. "परत वाचा." परत वाचला. अंगठ्याला शाई लावली. अंगठा कागदापर्यंत आला आणि थांबला. ती नीलेशकडे बघत राहिली, तो फरशीकडे.

"लहानपनी मीच भरवला याला," मला म्हणाली. मग अंगठा पदराला पुसला. "आज नको. ईन परत."

"मावशी, परत एवढे जिने?" नीलेश पुटपुटला.

"माजे गुडघे बरे हान," ती म्हणाली, आणि खदखदून हसत उतरली.

या वेळी रजिस्टरात आधी नाव लिहिलेलं नाही. शाईची डबी टेबलावरच ठेवलीय.