पिवळा दिवा आणि लाल धागा

दसऱ्यानंतरचा मंगळवार, संध्याकाळ

गेला एकदाचा गाडीतला तो पिवळा दिवा! इंजिनाचं चित्र असलेला. चार दिवस डोळ्यांसमोर जळत होता, आणि चार दिवस आमच्या ह्यांचं एकच पालुपद: "तू क्लचवरचा पाय काढतच न्हाईस." मलाही वाटायला लागलं, खरंच मी इतकी वाईट चालवते का?

आज ऑफिस सुटल्यावर परस्पर जुन्या जालन्यात सलीमभाईंच्या गॅरेजला गेले. त्यांनी स्टिअरिंगखाली मशीन जोडलं. म्हणाले, "ताई, इंजिन बिलकुल ठीक आहे. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर जाऊन राह्यली, म्हणून दिवा लागला." मंग टाकीचं झाकण उघडलं, तर रबराखाली लाल धागा! पूजेचा.

टेंभुर्णीला ह्यांच्या घरी दसऱ्याला विहिरीच्या मोटारीपासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळ्याला धागा बांधतात. ह्यांनी स्टिअरिंगला बांधलेला मी पाह्यला होता. पण झाकणाला? कधी बांधला? त्यानं झाकण घट्ट बसतच नव्हतं. सलीमभाईंनी धागा कापला न्हाई, हळूच गाठ सोडून माझ्या हातात दिला. मंग मशीनवरून दिवा घालवला.

घरी आले तर हे दारातच उभे. "मंग? क्लचच ना?"

मी पर्स उघडली. तो लाल धागा ह्यांच्या मनगटाला बांधला, चांगली घट्ट गाठ मारून. ह्यांनी आधी धाग्याकडे पाह्यलं, मंग गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाकडे.

"चहा मी ठेवतो," म्हणाले.

साखर फार पडली होती. तरी मी दोन कप प्यायले.