हात पोचेल इतकीच खाच

मंगळवार, १२ मे

प्रिय भावोजींस,

वयाने तुम्ही मोठे आणि नात्याने मी, त्यामुळे तुम्हाला नमस्कार लिहायचा की आशीर्वाद, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. घराची केली तशी याचीही वाटणी करू. अर्धा नमस्कार, अर्धा आशीर्वाद.

मी बरी आहे. पत्र भिंतीबद्दल आहे, घाबरू नका. रस्त्याकडच्या बाजूचा गिलावा यंदा फार सुटला. तुमच्या नि आमच्या भागामधल्या खाचेच्या कडेने पोपडे गळायला लागले आणि पुढच्या खोलीत कपाटामागे ओल आली. पुस्तकांना वास लागला तेव्हा मी गवंडी बोलावला. तुमच्या बाजूलाही हात लावावा लागतो आहे, कारण खाचेची एकच कडा दुरुस्त करून पाणी थांबत नाही म्हणतो. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. आता विचारते आहे, परांची बांधून झाल्यावर.

गवंडी बोलका आहे. हातोडीच्या दांड्याने सगळी भिंत ठोकत फिरला. म्हणाला, "ताई, भिंत दातांसारखी असते. एक पोकळ निघाला की शेजारचाही ठोकून बघायचा." खाचेपाशी आल्यावर मात्र थांबला. "धडधाकट भिंतीत वरपासून खालपर्यंत चर पाडायचा, ही कुणाची अक्कल?"

मी म्हटलं, "दोघा भावांची. वाटणी झाली तेव्हा एकाने वरून छिन्नी चालवली, दुसऱ्याने खालून. मध्ये भेटले आणि हद्द ठरली."

"भेटले ना? मग हद्द कसली?" असं म्हणून तो आपणच हसला.

मला हसू आलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम, हे त्याला काय माहीत. त्यानंतर तुम्ही तुमच्या भागाला कुलूप लावून गेलात आणि पाऊस तेवढा दोन्हीकडे सारखा येत राहिला.

उठते. नव्या गिलाव्याला पाणी मारायचं आहे.

मारून आले. सकाळ-संध्याकाळ मारा असं त्याने सांगितलंय, मी दुपारीही मारते. बसवतच नाही. पुस्तक उघडलं की तेच पान पुन्हा वाचते, मिटते, दारात जाते, रस्ता बघून परत येते. शेजारीण म्हणाली, "अहो, भिंत आहे ती, रोप नाही." तिला म्हटलं, "रोपाला इतकं पाणी घातलं असतं तर कुजलं असतं, म्हणून भिंतीला घालते."

आज त्याने खाचेच्या कडांचा जुना भराव खरवडला. आमच्या बाजूचा एक तुकडा हातात धरून मला दाखवला. "हे काम बघा. ओल्या गोणपाटाने पुसून घेतलंय, म्हणून वाळूचा कण उघडा राहिलाय. असं आता कुणी करत नाही. तुमच्या मालकांचा हात चांगला होता हो."

मी "हो" म्हटलं.

भावोजी, हे थापीचे माणूस. घोटून घोटून आरशासारखं करायचे आणि वर्ष सरायच्या आत ते तडकायचं. गोणपाट ही मामंजींची सवय, आणि ती त्यांच्या दोन मुलांपैकी एकालाच लागली.

बुधवार

काल एवढं लिहून घडी घातली आणि पत्र पेटीत टाकायला निघाले. कोपऱ्यावरून परत आले. पुस्तकांतली माणसं पहिल्याच पानावर मनातलं सांगून मोकळी होतात. मला भिंत, गवंडी आणि शेजारीण लागली.

हे गेले, त्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एका गुरुवारी मी वाचनालयातून आले तर बादली धुऊन पालथी घातलेली. यांनी जन्मात कधी बादली धुतली नाही. वाळलेलं सिमेंट खरवडायचं काम माझं. शिडी दुसऱ्या बाजूला टेकलेली होती आणि खाचेची आमच्याकडची कडा ओली होती. मी बोट लावून बघितलं. क्षणभर वाटलं, आपल्या डोक्यावर परिणाम झाला. मग गोणपाटाची वीण दिसली आणि मी घरात जाऊन दार लावून रडले. भाऊ जिवंत असताना तुम्ही एकमेकांशी शब्द बोलला नाहीत, आणि आता त्याच्या बाजूची कडा भरायला शिडी चढता.

मी कुणाला काही बोलले नाही. पण तेव्हापासून एकही गुरुवार चुकवला नाही. बदलायला पुस्तक नसलं तरी गेले, अंगात कणकण असताना गेले. तिथल्या बाई म्हणतात, "तुम्ही आलात की मी घड्याळ लावून घेते." मागच्या वर्षी तर मी वाळू चाळून पायरीशी झाकून ठेवत होते. चाळलेली वाळू आपल्या पायांनी पायरीशी येत नाही, हे तुम्हालाही कळलं असणार. तुम्ही ती वापरलीत. चिठ्ठी ठेवली नाहीत, मीही ठेवली नाही. आपलं बरं चाललं होतं.

यंदा गुरुवारांमागून गुरुवार गेले आणि बादली मी ठेवली तशीच. वाळूवर मांजर निजायला लागलं. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. फोन लावायची आणि पलीकडे वाजायच्या आत ठेवून द्यायची.

मग औषधांच्या दुकानात धाकटी दिसली. मी दुसरंच काही विचारलं, पण ती बायको आहे तुमची, तिने बरोबर त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. "गुडघ्यांनी बसवलंय त्यांना. जिनासुद्धा बसून बसून उतरतात. आणि चिडचिड तर विचारूच नका." मी म्हटलं, "जपा." घरी येईपर्यंत इतकं हलकं वाटत होतं. नुसते गुडघेच, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते हलकेपण गेलं. शिडी नाही म्हणजे भिंत नाही. भिंत नाही म्हणजे तुम्हाला या रस्त्याला यायचं कारण नाही. सरळ या म्हणावं, तर असं आपण एकमेकांना म्हणण्याची रीत मोडूनही इतकी वर्षं झाली, की लिहितानासुद्धा पेन अडतं.

गवंडी ओलीसाठी बोलावला, हे खोटं नाही. पण पुस्तकांना वास मागच्या वर्षीही येत होता.

आज सकाळपासून त्याने खाच वरून बुजवत आणली. ओल्याला ओलं मिळालं पाहिजे म्हणून एका दमात. खिडकीच्या खाली आला तेव्हा मी म्हटलं, "आता थांबा."

"थांबा कसं? इथे सोडलं तर उद्या सांधा दिसेल."

"दिसू दे."

"खाली राहिलंय किती, हातभर! लोक म्हणतील गवंडी अर्ध्यात पळाला."

"मी सांगेन लोकांना. उरलेलं घरचा माणूस करणार आहे."

त्याच्या लेखी घरचा माणूस दोन वर्षांपूर्वी गेला. मग काय समजला कुणास ठाऊक, थापी धुऊन निघून गेला.

तर भावोजी, तेवढी खाच शिल्लक आहे. मी स्वतः स्टुलावर बसून बघितलं, हात आरामात पोचतो, वाकावं लागत नाही. पायरी एकच आहे आणि तिच्याशी रिक्षा येते. वाळू चाळली आहे, मांजर हाकललं आहे, गोणपाट भिजत घातलं आहे. माल मी कालवून देईन. तुम्हाला पटेल असा नाही जमणार, तेव्हा बोला मला. निदान त्यावरून तरी बोला.

पत्र तुमच्या हाती शनिवारपर्यंत पडेल. त्यानंतरच्या गुरुवारी मी वाचनालयात जाणार नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

भिंतीच्या या बाजूने, दार उघडं ठेवून,
तुमची वहिनी

ता. क. शिडी शेजारणीला देऊन टाकली. आपल्या घराला आता तिचं काम नाही.