डोळ्यांविना गौर

कल्याण, श्रावण वद्य द्वादशी, शके १८०९

चिरंजीव लक्ष्मणास भिकाजीचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखव. ती मधेच उठून गेली तरी वाचत राहा.

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं. कारखान्यात गौरींचे मुखवटे करतो. फक्त एका जागी बसवत नाही, दिवसातून चारदा बंदरापर्यंत जाऊन येतो. आईचा खोकला कसा आहे?

परवा एका मुखवट्याच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका देऊन बसलो. मालक म्हणाले, "भिकाजी, गौरीला गोंदण कसलं रे?" बघतो तर आपली भागी. लेक तापात गेल्याला पाच महिने झाले, मी इथे कुणाकडे तिचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी मालकांना सगळं सांगितलं आणि पोटभर जेवलो.

मुखवटा त्यांनी मलाच दिला. डोळे शेवटी काढायचे असतात. तीनदा काढले, तीनदा पुसले.

तुझी वहिनी यंदा गौर बसवणार नाही, असं कळलं. नको बसवू म्हणावं. मुखवटा बंदरातून तिकडे निघालेल्या मचव्याच्या तांडेलाबरोबर धाडतोय, सोबत काळा रंग आणि कुंचला. डोळे तिने काढावेत. भागी रुसल्यावर कशी बघायची, ते तिलाच ठाऊक.

तुझा दादा,
भिकाजी