भोंग्यावरची कादंबरी

बाबा,

काल रामदासपेठेतल्या सभागृहात माझ्या कादंबरीचा कार्यक्रम झाला आणि खुर्च्या कमी पडल्या. हे आधी सांगून टाकते, कारण कशाचंही सांगायला गेलं की ‘माणसं किती होती?’ हेच तुम्ही पहिलं विचारायचात.

कादंबरी भोंगेवाल्याची आहे. सायकलरिक्षावर भोंगा बांधून साऱ्या नागपूरला सर्कस, साड्यांचा सेल आणि नळ बंद असल्याची खबर सांगत फिरणाऱ्या माणसाची. म्हणजे कोणाची, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण लिहिणं निराळं आणि लिहिलेलं खपवणं निराळं. पुण्यातल्या पहिल्या कार्यक्रमाला मोजकीच डोकी होती, त्यातली निम्मी प्रकाशकांच्या घरची. ते मी सोसलं. पण ज्या गावाचं हे पुस्तक, त्या गावानंच पाठ फिरवली असती तर फार जिव्हारी लागलं असतं. प्रकाशकांकडची मुलगी रोज फोन करायची, ‘ताई, एक छोटा व्हिडिओ टाका ना.’ शेवटी हुडकेश्वरच्या आमच्या घरात कपाटासमोर बसून मी तो केला. ‘एक छोटासा प्रयत्न केला आहे, गोड मानून घ्यावा,’ असं काहीतरी बोलले. लावून बघितला आणि तुमचं ओरडणं आठवलं.

तेव्हा मी नववीत होते. गॅदरिंगमध्ये स्वतः लिहिलेली गोष्ट वाचली आणि शेवटी हात जोडून ‘काही चुकलं असेल तर माफ करा’ म्हटलं. तुम्ही मागे उभे होतात. घरी आल्यावर चपला काढता काढता भडकलात. “माफी काहून मांगत होती वं? सर्कसवाला कधी म्हणते का, आमचा वाघ जरासा बारका हाये, गोड मानून घ्या? माल खराब असन तं आणू नको. चांगला असन तं साऱ्या मोहल्ल्याले सांग!” वाघाचं ऐकून आई इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली. मी मात्र रडले. पण माझ्या गोष्टीला तुम्ही चांगला माल म्हणालात, हे रडतानाही कळत होतं.

नंदनवनातल्या आपल्या जुन्या घरातली सकाळ अजून दिसते. आई पोळ्या लाटतेय, पंपाचा स्टोव्ह फरफरतोय, तुम्ही ज्येष्ठमधाची काडी गालात धरून दाराशी उभे. नवी जाहिरात एकदाच म्हणायची आणि आईला विचारायचं, “काय, कुठं, कवा?” स्टोव्हच्या आवाजातून तिला तिन्ही गोष्टी कळल्या तर जाहिरात पास. आई म्हणते, “भव्यदिव्य-बिव्य काही समजलं नाही. साड्या समजल्या.” तुम्ही निमूटपणे भव्यदिव्य खोडता. आईचं सगळं ऐकायचात, पण भोंगा बिघडला असेल असं कोणी म्हटलेलं मात्र तुम्हाला खपत नसे. “माइकाले दोष देऊ नाही. अडकते तो आपला गळा.”

मी व्हिडिओ पुसून टाकला. आता घरात स्टोव्ह नाही, पण कूलर आहे, आणि नागपूरचा कूलर स्टोव्हच्या वरताण. तो पूर्ण जोरात लावला, तुमच्या जावयांना पुढ्यात बसवलं आणि नवी जाहिरात म्हणायला सुरुवात केली. ते म्हणाले, “तू काही तरी विकून राहिली एवढं समजलं. काय, ते नाही समजलं.” मी ‘मानवी नात्यांचा वेध’ काढून टाकला. तिसऱ्या खेपेला म्हणाले, “भोंगेवाल्याची कादंबरी, रामदासपेठ, रविवारी संध्याकाळी. मले पण बोलावून राहिली का?”

मग रीतसर परवानगी काढली, ऑटोवर भोंगा बांधला आणि या वयात मी स्वतः माइक धरून नंदनवनात फिरले. ‘लोकहो, ही तुमच्याच गल्लीतल्या भोंगेवाल्याची कादंबरी आहे. त्याच्या मुलीनं लिहिली आहे. चांगली आहे.’ ते ‘चांगली आहे’ पहिल्या चौकात जिभेवर अडखळलं. दुसऱ्या चौकात नाही अडखळलं. आपल्या जुन्या शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, हात करून ऑटो थांबवला. आता त्यांना नीट दिसत नाही. “कोण वं तू? आवाज तं त्याचाच हाये!” मी मान ताठ करून म्हटलं, “हो काकू, त्यांचीच मुलगी.” आणि तेही माइकवरच म्हटलं, बाबा. साऱ्या गल्लीनं ऐकलं.

काल काकू सुनेचा हात धरून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. भिंतीशी अर्धं नंदनवन उभं होतं. मी स्टोव्हचं पान वाचायला घेतलं, आणि ‘काय, कुठं, कवा?’ पाशी आवाजच बंद झाला. माइकवाला धावत आला, वायर हलवली, टिचक्या मारल्या. “ताई, लूज असन.” मी मान डोलावली, “हो, वायरच ढिली दिसते,” म्हटलं आणि तेवढ्यात पाणी पिऊन घेतलं. पुढचं पान मग खणखणीत वाचलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तुमचा भोंगा आमच्या माळ्यावर आहे, त्यातच सरकवून ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं, बाबा. काल माइक अगदी ठणठणीत होता.